सही कोणाची, ते आधी बघा

एडिसन (न्यू जर्सी) :

गावाकडून, नेवाशाहून, फोन आला की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडं पकडापकडी चाललीय म्हणे, तुमचं कसं?" फेब्रुवारी 2025 मध्ये बेड्या घातलेले 104 भारतीय अमेरिकेच्या लष्करी विमानातून अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. तेव्हापासूनची ही काळजी. ती अनाठायी नाही, पण इथली व्यवस्था समजल्याशिवाय बातम्यांचा अर्थ लागत नाही.

नेवासा पोलीस ठाण्यावर नगरचे एसपी, त्यांच्यावर मुंबईचं गृहखातं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथं एडिसनचे पोलीस एडिसन गावाचे नोकर. परक्या देशच्या माणसांना धरणारं 'आइस' हे खातं वॉशिंग्टनचं, 2003 मध्ये सुरू झालेलं. केंद्रानं राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपायचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1997 मध्येच सांगितलंय. तो खटला बंदुकांच्या विक्रीचा होता, पण आज कामी येतोय तो इथं. 2018 मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी आदेश काढला, की गुन्ह्याच्या तपासाला गरज नसेल तर स्थानिक पोलिसांनी कुणाचे व्हिसाचे कागद विचारू नयेत. हेतू व्यवहारी होता : घरी चोरी झाली तर तक्रार द्यायला माणूस घाबरू नये.

खरी लढाई दारात होते. 'आइस'चं वॉरंट त्याच खात्याचा अधिकारी सही करून देतो. त्या कागदावर घरात घुसता येत नाही, त्याला न्यायाधीशाची सही लागते, असा आजवरचा अर्थ. 2025 मधल्या एका अंतर्गत परिपत्रकानं 'आइस'नं तो अर्थ वाकवायचा प्रयत्न केला आणि ते बाहेर येताच वाद पेटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटरची लाल कार्डं न्यायाधीशाच्या सहीच्या याच मुद्द्यावर घरोघरी पोचली. दार न उघडता फटीतून सरकवायची. मी बोलणार नाही, वकिलाशिवाय सही करणार नाही, न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट दाखवा, असा त्यांतला मजकूर. शिकागोत तर लोक शिट्ट्या घेऊन फिरू लागले. 'आइस'ची गाडी दिसली की शिट्टी, की गल्ली जागी. न्यूअर्कला 'आइस'नं धरलेल्यांसाठी डिलेनी हॉल नावाची खासगी कंपनीची कोठडी आहे. तिच्या फाटकाशी 9 मे 2025 ला खुद्द महापौर रास बराका यांना अटक झाली. पुढं आरोप मागं घेतला गेला.

पण कार्डाला मर्यादा आहेत. त्याच उन्हाळ्यात एडिसनच्या गोदामांवर धाडी पडल्या, तिथं कुणी दारामागं नव्हतं. शिवाय हद्दपारीचं कोर्ट न्यायसंस्थेचा भागच नाही, तिथले न्यायाधीश सरकारच्या न्याय खात्याचे नोकर. वकील परवडत नसलेल्या फौजदारी आरोपीला सरकार तो देतं, इथं ज्यानं त्यानं आपल्या पैशानं आणायचा, लहान मूल असलं तरी. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं भगदाड हेच.

ओक ट्री रोडवर भाजी घेताना आपली माणसं म्हणतात, "आपण कायदेशीर आलोय, आपल्याला काय?" एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याची नोकरी गेली की हाती साधारण 60 दिवस, पुढं तोही बेकायदेशीर, हे बोलताना विसरलं जातं. आणि ती भाजी खोक्यांतून काढून लावणारा कोण असतो? गावाकडं भेंड्याच्या, सोनईच्या साखर कारखान्याचं गाळप ज्यांच्या कोयत्यावर चालतं, त्यांचं नाव तरी आपण कधी विचारलं? नाकानं कांदे सोलायला आपल्यालाही जागा नाही. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून उचललेले काही बंगाली मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. आपल्या कायद्यात तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच.

ज्यांची मुलं-सुना इकडं आहेत, त्यांना एवढंच सांगणं : ग्रीन कार्ड असेल तर ते त्यांनी जवळ बाळगावं, कायद्यानंच ते बंधनकारक आहे. त्यावरचा नऊ आकडी नंबर नेवाशातल्या घरीही लिहून ठेवा. धरलेला माणूस कुठल्या कोठडीत आहे हे 'आइस'च्या संकेतस्थळावर तो नंबर आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. नंबर नसेल तर त्याऐवजी नाव टाकावं लागतं, आणि नावाचं स्पेलिंग सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळावं लागतं.