तलावाकाठची खोली आणि कोळशाची शेगडी

डिसेंबरात नववीच्या चाळीस मुलामुलींना घेऊन भंडारदऱ्याला दोन रात्री मुक्काम करायचा, असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले. ठिकाण शिबिरासाठी उत्तम. प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, त्यामागचा विस्तीर्ण जलाशय, आणि आसपास रतनगड व १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर. राहायला काठावरच्या लहान लाकडी खोल्या, एका खोलीत आठ जण. बस, शिधा, प्रथमोपचाराची पेटी, पालकांची संमतिपत्रे अशी यादी होत आली, तेव्हा एका सहकाऱ्यांनी सुचवले, "रात्री थंडी फार असते. प्रत्येक खोलीत कोळशाची एक शेगडी ठेवू. धूर होत नाही आणि खोली उबदार राहील."

सूचना काळजीपोटीच होती. आम्हां बहुतेकांना ती पटलीही. पण आपण विज्ञान शिकवतो, तेव्हा आधी हिशेब मांडून पाहू, असे ठरले. त्या हिशेबाने आमची यादी बदलली.

पहिला प्रश्न थंडीचा. उंची एक किलोमीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे आपण वर्गात सांगतो. पण डोंगरातल्या रात्रीचा गारठा केवळ उंचीमुळे येत नाही. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. त्यामुळे सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता भराभर आकाशाकडे उत्सर्जित करते. उतारावरची जमीन गार झाली, की तिला लागून असलेली हवाही गार व जड होते आणि हळूहळू खाली घरंगळून खोलगट जागी साचते. म्हणून पहाटे खाचरात दात वाजतात, तर थोड्या वरच्या टेपाडावर तितकी थंडी वाटत नाही. जलाशयाचे पाणी मात्र सावकाश थंड होते. सकाळी पाण्यावर वाफेसारखे धुके दिसते ते यामुळेच. पाणी उबदार आणि त्यावरची हवा गार. खोल्या निवडताना आम्ही खोलगटातल्या सोडून जरा उंचावरच्या घेतल्या.

आता शेगडी. कोळसा जळताना खालच्या थरात, जिथे हवा मिळते तिथे, कार्बन डायॉक्साइड तयार होतो. तो वर चढताना लालबुंद निखाऱ्यांमधून जातो आणि तिथल्या कार्बनशी संयोग होऊन त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. पेटलेल्या शेगडीवर नाचणाऱ्या निळ्या ज्योती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तो हाच वायू जळत असतो. ज्योती विझून नुसते निखारे उरले, त्यांवर राख चढली, की आपल्याला वाटते शेगडी आता शांत झाली. प्रत्यक्षात हा वायू न जळताच खोलीत पसरत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत इथेच घात करते.

किती वायू? खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच धरू. म्हणजे ३० घनमीटर किंवा ३०,००० लिटर हवा. शेगडीत एक किलो कार्बन जळला आणि त्यातील फक्त एक दशांशाचा, म्हणजे १०० ग्रॅमचा, मोनॉक्साइड झाला असे समजू. १२ ग्रॅम कार्बनापासून २८ ग्रॅम मोनॉक्साइड मिळतो आणि त्याचे आकारमान साधारण २४ लिटर भरते. या हिशेबाने १०० ग्रॅमपासून सुमारे २०० लिटर. खोली घट्ट बंद असेल, तर हे प्रमाण ०.६ टक्क्यांहून अधिक झाले. हवेत ०.१ टक्का मोनॉक्साइडही काही तासांत जीव घेऊ शकतो. खोली कितीशी बंद असते, फटी असतातच, असे कोणी म्हणेल. पण थंडी वाजली की आपण त्याच फटींत कापड कोंबतो.

हा वायू एवढा घातक का? रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. एकदा तो चिकटला की ऑक्सिजनला जागा उरत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. जागा माणूस हे प्रवासाच्या शिणावर ढकलतो. झोपलेला तर उठतच नाही. आजकाल प्रथमोपचाराच्या पेटीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असते. त्यावरही विसंबता येत नाही, कारण साध्या ऑक्सिमीटरला या दोन वायूंनी व्यापलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक कळत नाही आणि आकडा चांगलाच दिसतो. अशा वेळी माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणायचे आणि दवाखान्यात न्यायचे. साध्या हवेत रक्तातील मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजन दिल्यास एक-दीड तास.

मग ऊब आणायची कोठून? ती आपल्याजवळच असते. झोपलेला माणूस सुमारे ७५ वॉट उष्णता बाहेर टाकतो. आठ जण म्हणजे ६०० वॉट, एखाद्या लहान हीटरइतकी. गरज आहे ती उष्णता राखण्याची. पांघरुणाइतकेच अंथरूण महत्त्वाचे, कारण थंड जमीन खालून उष्णता ओढून घेते. सतरंजीखाली भाताचा पेंढा पसरला, की त्यात अडकलेली हवा ती वाट अडवते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे. कानटोपी आणि कोरडे मोजे हवेतच. ज्याला फारच थंडी वाजते, त्याला झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून द्यावे. एक लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ अंशांवर येताना सुमारे १४७ किलोज्यूल उष्णता देते. झोपलेले शरीर तेवढी उष्णता अर्ध्या तासात निर्माण करते, म्हणजे ही भर काही थोडी नव्हे.

आणि खिडकी? ती दोन बोटे उघडी ठेवायची, शेगडी नसली तरी. आठ जणांच्या श्वासाने पूर्ण बंद खोलीतला कार्बन डायॉक्साइड आठ तासांत तीन टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. माणशी ताशी १५ लिटर धरून हा हिशेब मुलांना स्वतः करायला सांगावा.

आमच्या यादीतून शेगड्या गेल्या. त्यांच्या जागी पेंढा, जादा सतरंज्या आणि तीन तापमापक आले. शेकोटी ठेवली आहे, पण ती अंगणात, झोपण्यापूर्वी. तिचे निखारे पाणी ओतून विझवायचे आणि एकही निखारा उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही. एक तापमापक खोलगटात, एक टेपाडावर, एक खोलीत टांगायचा. पहाटे पाच वाजता तिन्हींचे आकडे मुलांनीच वाचायचे.