अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि दृष्टिपटल

गर्भाच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या पसरू लागतात साधारण १६व्या आठवड्यात आणि कडेपर्यंत पोहोचतात नऊ महिने भरत आल्यावर. त्यांना दिशा देते प्राणवायूची टंचाई. ती जाणवली की पेशींत ‘एचआयएफ’ हे प्रथिन साठतं (पेशींना प्राणवायूची पातळी कशी कळते, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं) आणि ‘व्हीईजीएफ’ हा संदेश बाहेर पडतो. रक्तवाहिनीच्या टोकाची पेशी त्याच्या रोखानं सरकते आणि शेजारणींना ‘नॉच’ संदेशानं थोपवून धरते. एरवी प्रत्येकीनंच फांदी फोडली असती.

बाळ सातव्या महिन्यात जन्मलं, तर हे काम अर्धवट राहतं. गर्भाशयाबाहेर प्राणवायू जास्त, उपचारात दिलेला वेगळाच. व्हीईजीएफ घटतं, वाढ थबकते. काही आठवड्यांनी दृष्टिपटलाची प्राणवायूची गरज वाढते, व्हीईजीएफ उसळतं आणि नाजूक, गळक्या वाहिन्या भलतीकडेच उगवतात. त्या दृष्टिपटल ओढून सुटंही करू शकतात. हाच तो आजार, ‘आरओपी’ (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी). १९४० ते ५०च्या दशकांत अनिर्बंध प्राणवायूमुळे हजारो बाळांची दृष्टी गेली.

उपचार लेझरचा, किंवा व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनचा. हाच संदेश बाळाच्या इतर अवयवांनाही हवा असतो, म्हणून इंजेक्शननंतर दीर्घकाळ लक्ष ठेवावं लागतं.

३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासून घ्याच. फारच अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे त्याहीआधी. बाहेरून डोळे निरोगी दिसतात, त्यावर विसंबू नका.