लायब्ररी सापडत नाही, तेव्हा

स्मरणिकेसाठी आपल्या कामाविषयी सोप्या मराठीत काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम आठवली ती एक चूक. चूक माझी होती आणि तिची किंमत मात्र आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मोजली. म्हणून तिच्याविषयीच लिहितो. संगणकशास्त्र न शिकलेल्या पालकांनाही हे समजावे, असा प्रयत्न आहे.

ती मुलगी भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. भूकंपमापकांच्या नोंदींतून निरनिराळ्या वारंवारतेचे तरंग वेगळे काढावयाचे, हा तिच्या प्रबंधाचा विषय. यासाठी फूरिये रूपांतर नावाचे गणित लागते. ते वेगाने करण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याच निरनिराळ्या रूपांवर काम चालते. नोंदी अफाट असल्या की साधा प्रोसेसर थकतो. ग्राफिक्स कार्डावर तेच गणित पुष्कळ लवकर उरकते. मूळ चित्रे रंगविण्यासाठी बनलेल्या या कार्डात हजारो लहान गणनयंत्रे एकाच वेळी राबतात. त्यांच्याकडून इतर गणिते करवून घेण्यासाठी एनव्हिडिया कंपनीने २००७ साली कुडा हा साधनसंच उपलब्ध करून दिला.

विभागातील आधीच्या विद्यार्थ्यांनी सी++ भाषेत लिहिलेली प्रणाली तिच्या हाती होती आणि सामायिक संगणकावर दहा दिवसांची पाळी मिळाली होती. प्रणाली विनातक्रार बांधली गेली. दुसऱ्या दिवशी काम रांगेत लावले, तेव्हा मात्र संदेश आला की ‘लिबकूएफएफटी.एसओ.११’ ही फाइल उघडता येत नाही; अशी फाइलच नाही. रात्री तिचा फोन आला, “दादा, काल तर सगळं नीट झालं होतं!”

येथे थोडे थांबून लायब्ररी म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक प्रणालीकाराने फूरिये रूपांतर पुन्हा नव्याने लिहावयाचे नसते. कोणीतरी ते उत्तम लिहून, यंत्राच्या भाषेत उतरवून, एका फाइलीत ठेवलेले असते. ती फाइल म्हणजे लायब्ररी. आपली प्रणाली तिच्यातील कामे केवळ नावाने बोलावते. हे बोलावणे दोनदा तपासले जाते. प्रणाली बांधताना लिंकर नावाचे साधन पाहते की ते नाव कोणत्या लायब्ररीत आहे. आणि प्रणाली प्रत्यक्ष सुरू होताना लोडर तीच लायब्ररी पुन्हा शोधून स्मृतीत आणतो. दोघांच्या शोधाच्या जागा वेगवेगळ्या असतात, आणि निम्मे गोंधळ या एकाच गोष्टीतून जन्मतात. बांधताना ‘वजा मोठा एल’ या खुणेने दिलेला पत्ता लिंकरपुरताच असतो. लोडरला तो कोणी सांगत नाही. लोडर पाहतो ते ‘एलडी लायब्ररी पाथ’ या चलात लिहिलेल्या जागा, प्रणालीतच कोरून ठेवलेला पत्ता असल्यास तो, आणि यंत्रव्यवस्थेची स्वतःची यादी.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावयास हवा होता: तक्रार कोण करीत आहे? मी तो विचारला नाही. मी फक्त ‘११’ हा आकडा पाहिला आणि ठामपणे सांगितले, “कुडाची अकरावी आवृत्ती घे.” तिने ती घेतली. संदेश जसाच्या तसा राहिला. कारण कुडाचा क्रमांक आणि तिच्यातील लायब्ररीचा क्रमांक एक नसतो. कुडा ११ सोबत लिबकूएफएफटीची दहावी आवृत्ती येते आणि अकरावी येते ती कुडा १२ सोबत! हे नामकरण कोणी केले असेल ते असो, नवख्या माणसासाठी तो खड्डाच आहे. मी तर नवखाही नव्हतो.

पुढचा सल्ला त्याहून वाईट होता. दहाव्या आवृत्तीच्या फाइलीला अकराव्या नावाचा दुवा करून दे, असे मी सांगितले. आता प्रणाली वेगळाच दोष दाखवून बंद पडू लागली. पाटी बदलल्याने आतील माल बदलत नाही.

सहाव्या दिवशी मी शांतपणे एलडीडी ही आज्ञा चालवावयास सांगितली. प्रणालीला कोणकोणत्या लायब्रऱ्या हव्यात आणि त्या कोठे सापडतात, याची यादी ती देते. काम जेथे चालणार त्याच यंत्रावर ती चालवावी लागते, प्रवेशाच्या यंत्रावर नव्हे. त्या यादीत एकाच ओळीपुढे ‘सापडली नाही’ असे होते. सामायिक संगणकावर साधनसंच ‘मॉड्यूल’ आज्ञेने हाताशी घ्यावे लागतात. पहिल्या दिवशी तिने कुडा १२ घेऊन प्रणाली बांधली. दुसऱ्या दिवशी नव्याने प्रवेश केला, तेव्हा ती आज्ञा द्यावयाची राहिली आणि कामाच्या पत्रकातही ती लिहिलेली नव्हती. पत्रकात एक ओळ वाढविली आणि प्रणाली चालू झाली.

बांधतानाच अडखळणाऱ्यांसाठी थोडे. हेडर फाइल मिळत नसेल, तर दोष लिंकरच्याही आधीचा आहे. उबुंटूवर लायब्ररी आहे पण लिंकरला दिसत नाही, असे झाल्यास बहुधा तिचे ‘डेव्ह’ पॅकेज घातलेले नसते. ‘लिबकुडा’ मात्र वेगळी; ती साधनसंचाबरोबर येत नाही, ड्रायव्हरबरोबर येते. कार्ड नसलेल्या यंत्रावर बांधावयाचे असेल, तर साधनसंचातील ‘स्टब्ज’ निर्देशिकेत तिची पोकळ प्रत असते. ती केवळ लिंकरच्या समाधानासाठी. चालविताना तिचा उपयोग नाही. आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ जो कुडा क्रमांक दाखवते, तो ड्रायव्हरला झेपणारा सर्वांत वरचा क्रमांक होय. हाताशी कोणती आवृत्ती आहे, हे ‘एनव्हीसीसी’लाच विचारावे.

उरलेल्या चार दिवसांत तिच्या निम्म्याच नोंदींचे गणित पुरे झाले. बाकीच्या प्रबंधात घेता आल्या नाहीत. मी क्षमा मागितली, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “दादा, पाळी पुन्हा मिळेल.” मिळाली ती सात महिन्यांनी. आता काही अडले की ती आधी एलडीडीची यादी पाठवते आणि मग फोन करते.