राळेचा तराजू

जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये, पुट्टेनहळ्ळी तलावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक लाकडी तराजू ठेवलेला आहे. त्याच्या दोन भुजा सारख्या नाहीत. टेकूपासून एक १० सेंटीमीटर, तर दुसरी २५. एखाद्या वाण्याकडे असा तराजू सापडला असता तर वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने तो तत्काळ जप्त करून वाण्यावर खटला भरला असता. परंतु घरच्या घरी विमान बांधू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत सगळा प्रामाणिकपणा नेमका या विषमतेतच साठवलेला असतो. आखूड भुजेवरच्या पेल्यात रेझिन ओतावे, लांब भुजेवरच्या पेल्यात हार्डनर सोडीत जावे आणि दांडी आडवी झाली की थांबावे. शंभर भाग रेझिनला चाळीस भाग हार्डनर हे प्रमाण, कागद-पेन्सिल न घेता आणि विजेच्या काट्यावर भरवसा न टाकता, आपोआप साधलेले असते. रिकाम्या पेल्यांच्या वजनाचा हिशेब मात्र आधीच एक छोटे वजन टांगून चुकता करून ठेवावा लागतो.

मी विमान बांधीत नाही, हे येथेच कबूल करून टाकतो. वयाने आणि घरच्या मंडळींनी त्या बाबतीतला निकाल केव्हाच दिला आहे. मी बांधला तो पंखाचा दोन हात लांबीचा नमुना, आणि तोही या तराजूच्या नादाने.

तराजूची मूळ युक्ती अमेरिकेतील मोहावीच्या वाळवंटात विमाने रचणाऱ्या बर्ट रूटान यांच्या आराखड्यांतली. त्यांचे ‘व्हॅरिईझी’ १९७५ साली आणि ‘लाँग-ईझी’ १९७९ साली आकाशात गेले, आणि या विमानांचे आराखडे विकत घेऊन शेकडो हौशी माणसांनी आपल्या मोटारखान्यात विमाने बांधली. त्यापूर्वी काचतंतूंचे विमान म्हटले की प्रथम प्रचंड साचे आले, आणि साचे आले की कारखाना आला. रूटान यांनी तो क्रमच उलटा केला. पॉलिस्टायरिनचा फोम तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापावयाचा, त्यावर काचेच्या तंतूंचे कापड अंथरावयाचे आणि ते रेझिन-हार्डनरच्या मिश्रणाने, म्हणजे इपॉक्सीने, भिजवून तसेच कठीण होऊ द्यावयाचे. साच्याचे काम आतला फोमच करतो आणि तो कायमचा आतच राहतो. अशा बांधकामात करवत, रंधा यांचे महत्त्व उतरते आणि सगळा भार त्या पेल्यावर येऊन पडतो. कारण कापड गिरणीत विणले जाते आणि फोम कारखान्यातून येतो. विमानातला जो एकच पदार्थ बांधणारा स्वतः जन्माला घालतो, तो म्हणजे ही घट्ट झालेली राळ.

बंगळूरला ही विद्या परकी नाही. १९५९ साली दिल्लीत स्थापन होऊन पुढल्याच वर्षी येथे आलेली आणि म्हैसूरच्या महाराजांच्या जयमहाल रस्त्यावरील तबेल्यांत आरंभीचा संसार मांडलेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, रोद्दम नरसिंह तिचे संचालक असताना, याच लाँग-ईझीच्या घडणीकडे वळली. आणि त्यावर बेतलेले तिचे हलके संशोधन-विमान १९८७ मध्ये उडाले. रूटान यांचेच ‘व्हॉयेजर’ वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८६च्या डिसेंबरात उतरले होते, त्याला तेव्हा फार काळ लोटलेला नव्हता. सरकारी प्रयोगशाळेने हौशी माणसाच्या आराखड्याकडे विद्यार्थिदशेत जावे ही घटना मला आपल्या दप्तरशाहीच्या इतिहासात अपूर्व वाटते. त्या अभ्यासाचे फळ वाया गेले नाही. १९९३च्या नोव्हेंबरात तिचे ‘हंसा’ हे दोन आसनांचे प्रशिक्षण-विमान उडाले, तेही संमिश्र पदार्थांचेच.

आपल्या महाराष्ट्राचा घरगुती विमानाचा विख्यात दाखला म्हणजे कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारणारे कॅप्टन अमोल यादव. ते विमान २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि सरकारदरबारी त्याची नोंद २०१७च्या नोव्हेंबरात झाली. ते धातूचे असल्याने या लेखाच्या कक्षेबाहेरचे. तरी धातूचे विमान बांधणारेही मिश्रणाच्या कचाट्यातून सुटत नाहीत, हे सांगितले पाहिजे. पंखातील इंधनाच्या टाकीचे सांधे बंद करणारे पॉलिसल्फाइडचे लुकण सामान्यतः दहास एक या वजनी प्रमाणात कालवावे लागते, आणि त्याची काळी घाण अंगरख्यावरून आयुष्यभर जात नाही.

सरसाच्या भरवशावर आकाशात जाण्याचा प्रकार नवा नाही, आणि त्यातला एक कटू अध्याय आपल्याच भूमीवर घडला. लाकडी बांधणीचे ‘मॉस्किटो’ विमान दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील आघाडीवर आले आणि १९४४च्या उत्तरार्धात अनेक अपघात घडून त्याच्या पंखांविषयी संशय उत्पन्न झाला. दुधातील केसीनपासून केलेला सरस येथल्या उष्म्यात आणि पावसाळ्यात टिकत नाही, असे प्रथम बोलले गेले. चौकशीसाठी आलेल्या हेरवर्ड दे हॅविलँड यांच्या पथकाने सरसाला निर्दोष ठरवून पावसाळी हवेतील लाकडाच्या आकुंचनावर ठपका ठेवला. नंतरच्या चौकशीत दोष बांधणीतलाच निघाला. सांधा बाहेरून दिसत नाही, म्हणूनच त्याच्याविषयी इतकी मते संभवतात. त्याच काळात इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांची एअरो रिसर्च लिमिटेड ही संस्था विमानांसाठी कृत्रिम सरस शोधीत होती, आणि तिच्या नावाची आद्याक्षरे ज्यात दडली आहेत ते ‘अरल्डाइट’ आज आपल्याकडे फुटक्या कपबशीपासून तुटक्या चपलेपर्यंत सर्वांची जबाबदारी वाहते.

आता मिश्रणाविषयी. पाण्याच्या टाक्या आणि सजावटीची कामे करणाऱ्या ‘फायबर’च्या कारागिरांना पॉलिएस्टरची सवय असते, त्यात एक-दोन टक्के घालावयाचा द्रव हा केवळ उत्प्रेरक असल्यामुळे ‘गारठा आहे, दोन थेंब जास्त टाका’ हा त्यांचा शिरस्ता खपून जातो. इपॉक्सीत तो घातक ठरतो. येथे हार्डनर हा निम्म्याचा भागीदार. रेझिनच्या प्रत्येक रेणूला त्याचा जोडीदार मिळाला तरच जाळे पुरे विणले जाते, आणि जास्त ओतलेला हार्डनर काम लवकर न करता जोडीदाराविना तसाच आत राहून राळेला मऊ ठेवतो. शिवाय हे मीलन उष्णता सोडणारे आहे. पसरलेल्या थरातून ती निघून जाते, खोल पेल्यात मात्र कोंडते. कोंडली की क्रिया वाढते, क्रिया वाढली की उष्णता आणखी वाढते. एकदा मी लोभाने पाव किलोहून अधिक मिश्रण एकाच प्लास्टिकच्या पेल्यात कालवले. दहा-बारा मिनिटांत पेला हातात धरवेना, मग वाकला, आणि त्यातून उग्र वासाचा धूर निघू लागला. वाळवणाची ताटे आत नेण्यासाठी वर आलेल्या सौभाग्यवती एकच वाक्य बोलल्या : “अहो, तुमचा पाक पुढे गेला वाटतं! परातीत नव्हता का ओतायचा?” विमान बांधणाऱ्यांना जो उपाय सांगितला जातो तो अक्षरशः हाच : कालवून होताच मिश्रण उथळ तबकात पसरावे.

तराजूहून वेगवान साधन म्हणजे प्रमाणबद्ध पंप. एकाच दांड्याला दोन लहान हापशा जोडलेल्या असतात. दांडा एकदा दाबला की दोन्ही द्रव ठरल्या प्रमाणात खाली येतात. यंत्र सुबक आहे, पण एका नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर ते मुकाट्याने खोटे बोलते. म्हणून आठवड्यातून एकदा त्याचे माप काट्यावर तपासणे आलेच. बंगळूरच्या जानेवारीतील सकाळी रेझिन मधासारखे जड होते, तेव्हा पंप लाकडी पेटीत ठेवून आत एक दिवा जळता ठेवतात. याहून नवलाची वस्तू म्हणजे रेझिन आणि हार्डनरच्या जुळ्या नळकांड्यांच्या पुढे बसणारी मिश्रणाची चोच. तिच्यात आळीपाळीने डावी-उजवी पिळवटलेली पाती असतात, प्रत्येक पाते प्रवाहाचे दोन भाग करते. वीस पाती ओलांडेपर्यंत थरांची संख्या, निदान कागदावर, १० लाख ४८ हजारांवर जाते. मात्र मिश्रण घट्ट होण्याची मुदत उलटली की चोच आतल्या राळेसकट फेकावी लागते, म्हणून काटकसरी माणूस पुन्हा काडी आणि पेल्याकडेच वळतो. काडी दोन मिनिटे फिरवावी, आणि पेल्याच्या कडा व तळ खरवडण्यास विसरू नये. न मिसळलेले रेझिन तेथेच दबा धरून बसते.

कापडावर राळ पडते तो क्षण पाहण्यासारखा असतो. पांढरेशुभ्र कापड भिजताच पारदर्शक होते, जणू ते नाहीसेच झाले. जेथे पांढरा ठिपका राहिला तेथे हवा आहे. मग रबरी पट्टीने जास्तीची राळ निपटून काढावयाची, कारण बळ तंतूंचे असते आणि तंतू भिजल्यावर उरलेली राळ नुसते वजन असते. दमट हवेत हार्डनर बाष्प व कर्बवायू शोषून पृष्ठावर मेणचट थर आणतो. तो पाण्याने धुतल्याखेरीज पुढचा थर धरत नाही. हातमोजे विसरणाऱ्याच्या हाताला काही महिन्यांनी खाज सुटते, आणि एकदा सुटलेली ही खाज जन्मभर राळेचा वास येताच परत येते. आणि विमान पूर्ण झाले तरी त्याला रंग पांढराच द्यावयाचा, कारण गडद रंगाच्या पंखातील राळ उन्हात नरमते.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर पेल्यांची एक रांग आहे. प्रत्येक कालवणातले उरलेले थोडे मिश्रण पेल्यात तसेच ठेवून वर तारीख, वेळ आणि त्या दिवशीची उष्णता लिहिण्याची विमान बांधणाऱ्या लोकांत पद्धत आहे. सांध्याच्या आत पाहता येत नाही, पेल्यात मात्र नख रोवून पाहता येते. आज सकाळी कालचा पेला तपासला. नख रुतले नाही, एक बारीक पांढरी रेघ तेवढी उमटली. परवाचा पेला मात्र अजून किंचित चिकटतो आहे, आणि त्या दिवशी केलेला पंखाचा खालचा थर उद्या खरवडून काढावा लागणार आहे.