थवा बाणाच्या आकारात का उडतो?

सातारा जिल्ह्यातील मायणी व येरळवाडी (ता. खटाव) येथील तलावांवर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि हिमालय ओलांडून येणारे हंसवर्गीय पट्टकदंब पक्षी उतरतात, तेव्हा त्यांचे थवे तिरक्या रांगेत किंवा बाणाच्या टोकासारख्या रचनेत उडताना दिसतात.

या रचनेचे मुख्य कारण वायुगतिकीचे, म्हणजे हवेच्या प्रवाहाचे आहे. उडताना पंखाखाली हवेचा दाब अधिक व वर कमी असल्याने पंखाच्या टोकाशी हवा खालून वर वळते व मागे भोवरा सोडते; या भोवऱ्याच्या बाहेरच्या बाजूस हवा वर चढते, तर पक्ष्याच्या थेट मागे ती खाली ढकलली जाते. म्हणून मागचा पक्षी सरळ मागे न राहता किंचित बाजूस राहतो आणि चढत्या हवेचा आधार घेतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रांगेत उडणाऱ्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके एकट्या पेलिकनापेक्षा ११ ते १४ टक्के कमी आढळले. २०१४ मधील आयबिस पक्ष्यांवरील संशोधन तर अधिक विलक्षण आहे: मागचा पक्षी केवळ जागाच नव्हे, तर पंखांच्या फडफडीची वेळही पुढच्याशी जुळवून घेतो. अग्रस्थानी असा आधार जवळजवळ नसतो, त्यामुळे आयबिस ते स्थान आळीपाळीने घेतात.

बदके व हंसांसारख्या मोठ्या पक्ष्यांना हा लाभ होतो. दाट थव्यात उडणाऱ्या पारव्यांना मात्र उलट अधिक वेगाने पंख मारावे लागतात.