'तोल पुढे सरकतो' म्हणजे काय? : पूलच्या काठीतील मधला जोड आणि मोजमापाची भाषा

शास्त्रीय परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा प्रयोगशाळेतील किंवा ग्रंथांतील शब्दांकडे पाहतो. ज्या शब्दांनी कारागीर, खेळाडू आणि विक्रेते आपला रोजचा व्यवहार चालवितात त्यांची चिकित्सा क्वचितच होते. वस्तुतः शब्द संज्ञेच्या पदवीला पोहोचला आहे की नाही, याची खरी कसोटी अशा व्यवहारातच लागते. कारण तेथे शब्दाच्या अर्थावर कोणाचा तरी पैसा आणि कोणाचे तरी कौशल्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात असेच एक विधान तपासावयाचे आहे. पूल या खेळाच्या काठीत मधला जोड बसविला म्हणजे 'तोल पुढे सरकतो', हे ते विधान होय.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेले खराडी हे गाव आज माहिती-तंत्रज्ञानाच्या संकुलांमुळे ओळखले जाते. तेथील तरुण नोकरदारांत पूलचा खेळ चांगलाच रुळला आहे. काठी आणि चेंडू यांचे खेळ पुण्याला मात्र नवे नाहीत. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे सामान्यतः मानले जाते. आणि १९५८ व १९६४ या दोन्ही वर्षी हौशी बिलियर्डचे जागतिक अजिंक्यपद मिळविणारे विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यातच झाला. हे खेळ छावणी आणि क्लब यांच्या वाटेने आले, त्यामुळे त्यांतील वस्तूंची नावे इंग्रजी राहिली: क्यू, चॉक, टिप, शाफ्ट, बट. हाताला होणाऱ्या जाणिवेचे शब्द मात्र मराठीच राहिले. काठी 'जड लागते', 'हलकी लागते', 'पुढे ओढते', तिचा 'तोल बसत नाही', असे खेळाडू म्हणतात. आपल्या विवेचनाचा विषय या दुसऱ्या वर्गातील शब्द आहेत.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. पूलची काठी बहुधा दोन भागांची असते. टिप ज्यावर बसविलेली असते तो पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट आणि हाताने धरावयाचा मागचा जाड भाग म्हणजे बट. हे दोन भाग मधोमध आट्यांनी एकमेकांत बसतात. काठीची लांबी वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. बटाच्या शेवटी तुकडा जोडणे हा पहिला. टेबलावर दूरचा चेंडू गाठण्यासाठी तो फार पूर्वीपासून वापरात आहे. शाफ्ट व बट यांच्यामध्ये, दोहोंच्या आट्यांशी जुळणारा आखूड तुकडा बसविणे हा दुसरा. यालाच येथे 'मधला जोड' म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पूलची काठी ४० इंचांहून आखूड आणि २५ औंसांहून जड असता कामा नये. कमाल लांबीला मर्यादा नाही. तेव्हा असा जोड वापरण्यास नियमांची आडकाठी नाही. प्रश्न उरतो तो त्याच्या परिणामाचा.

या परिणामाविषयीची मते परस्परविरोधी असतात. तोल पुढे गेला व काठी स्थिर झाली, असे एक खेळाडू सांगतो. तोच जोड वापरणारा दुसरा म्हणतो, फरक काहीच जाणवला नाही. तिसऱ्याला काठी मागे गेल्यासारखी वाटते. यांपैकी दोघांची जाणीव खोटी असली पाहिजे असा तर्क प्रथमदर्शनी सुचतो. परंतु तिघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडी आकडेमोड करावी लागेल.

उदाहरणासाठी १४७ सेंटिमीटर लांबीची आणि ५४० ग्रॅम वजनाची एक काठी कल्पू. हे माप प्रचारातील काठ्यांच्या जवळचे आहे. बटाचे वजन ४२५ ग्रॅम व शाफ्टचे ११५ ग्रॅम धरू. बटाचा गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून ३१ सेंटिमीटरवर आणि शाफ्टचा त्याच टोकापासून १०६.५ सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर संपूर्ण काठी मागच्या टोकापासून सुमारे ४७ सेंटिमीटरवर बोटावर तोलली जाईल. या बिंदूला तोलबिंदू म्हणू. आता ५ सेंटिमीटर लांबीचा व ४० ग्रॅम वजनाचा मधला जोड बसविला. बट होता तेथेच राहिला, शाफ्ट ५ सेंटिमीटर पुढे गेला आणि मध्ये ४० ग्रॅमची भर पडली. नवा तोलबिंदू मागच्या टोकापासून सुमारे ५० सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तोल ३ सेंटिमीटर पुढे सरकला. पहिला खेळाडू खरे बोलत होता.

हेच अंतर टिपेपासून मोजून पाहू. जोड बसविण्यापूर्वी टिप आणि तोलबिंदू यांत सुमारे १०० सेंटिमीटर अंतर होते. नंतर काठीची लांबी १५२ सेंटिमीटर झाल्यामुळे ते सुमारे १०२ होते. अर्थात् टिपेच्या दृष्टीने तोल २ सेंटिमीटर मागे हटला. ३ सेंटिमीटर पुढे आणि २ सेंटिमीटर मागे, या दोहोंची बेरीज ५ सेंटिमीटर, म्हणजे जोडाच्या लांबीइतकीच येते. यात विरोधाभास नाही. काठी स्वतःच लांबली असल्याने दोन्ही टोकांपासूनची अंतरे वाढणे शक्य झाले, इतकेच.

येथे भाषेचा मुद्दा स्पष्ट होतो. पुण्याहून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, रस्त्याने निघालेला प्रवासी खराडी येरवड्याच्या पुढे आहे असे म्हणेल आणि वाघोलीच्या अलीकडे आहे असेही म्हणेल. दोन्ही विधानांत संदर्भाचे गाव उच्चारलेले असल्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही. 'पुढे' हा शब्द दोन गोष्टींची अपेक्षा करतो: एक दिशा आणि एक मूलबिंदू. अवकाशवाचक शब्दांच्या अभ्यासात स्टीफन लेव्हिन्सन यांनी वस्तुगत, द्रष्टृसापेक्ष व निरपेक्ष अशा तीन संदर्भचौकटी मानल्या आहेत. काठीच्या बाबतीत दिशा वस्तुगत आहे. टिपेची बाजू ती पुढची बाजू, याविषयी कोणाचेही दुमत नसते. या एकमतामुळेच मूलबिंदूविषयीचे मतभेद झाकले जातात. दिशा सर्वांची एक म्हणून विधानही एकच, असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे.

परंतु खेळाडू काठी बोटावर तोलून खेळत नाही. तो मागच्या हाताने ती धरतो आणि पुढचा हात टेबलावर ठेवून त्याच्यावर ती टेकवितो. त्याच्या दृष्टीने खरा मूलबिंदू त्याची मूठ हाच होय. समजा, जोड नसताना मूठ बटाच्या शेवटापासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि टेकणारा हात टिपेपासून २५ सेंटिमीटरवर आहे. काठी आडवी व स्थिर असता टेकणाऱ्या हातावर सुमारे १६२ ग्रॅम वजन येते. या वजनाला टेकणभार म्हणू. मूठ आणि तोलबिंदू यांतील अंतर येथे ३२ सेंटिमीटर आहे. त्याला मूठ-तोल अंतर म्हणता येईल.

जोड बसविल्यावर दोन शक्यता संभवतात. खेळाडूने मूठ बटावरील पूर्वीच्याच जागी ठेवली, तर मूठ-तोल अंतर ३५ सेंटिमीटर होते आणि टेकणभार १८२ ग्रॅमांपर्यंत वाढतो. काठी पुढे जड झाल्याचे हाताला स्वच्छ कळते. पण खेळाडूची उंची, हाताची लांबी आणि उभे राहण्याची पद्धत जोडामुळे बदलत नाहीत. सवयीने तो टिपेपासून पूर्वीइतक्याच अंतरावर मूठ धरण्याचा संभव मोठा आहे. तसे केल्यास मूठ बटाच्या शेवटापासून २० सेंटिमीटरवर येते, मूठ-तोल अंतर ३२ वरून ३० सेंटिमीटरवर उतरते, आणि वाढलेल्या एकूण वजनामुळे टेकणभार सुमारे १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ होता तेवढाच राहतो. फरक न जाणवणारा दुसरा खेळाडू हा होय. तोल मागे आला असे म्हणणारा तिसराही यातच आला: त्याचे लक्ष भाराकडे नसून मुठीपासूनच्या अंतराकडे होते, आणि ते अंतर खरोखरच कमी झाले आहे.

तुलनेसाठी तोच ४० ग्रॅमचा तुकडा बटाच्या शेवटी लावून पाहू. टिपेपासून मुठीचे अंतर पूर्वीचेच ठेवले, तर तोलबिंदू मुठीच्या दिशेने सुमारे ३.४ सेंटिमीटर मागे येतो आणि टेकणभार १५५ ग्रॅमांवर उतरतो. यावरून मधल्या जोडाचे कार्य नेमके सांगता येते. मूठ टिपेपासून त्याच अंतरावर राहणार असेल, तर काठी मागे जड होऊ न देता तिची लांबी वाढविणे, हे त्याचे कार्य आहे. पुढच्या हातावरचा भार वाढविण्याचे काम तो तेव्हाच करतो, जेव्हा मूठही टिपेपासून मागे जाते. ज्या उंच खेळाडूची मूठ मुळातच बटाच्या अगदी शेवटाशी जात असे, त्याला दोन्ही लाभ हवे तसे वाटून घेता येतात. मध्यम उंचीच्या खेळाडूला हे स्वातंत्र्य कमी असते.

'जड' या शब्दातही दोन अर्थ मिसळलेले आहेत. उचलताना लागणारा जडपणा वेगळा आणि काठी डावी-उजवीकडे वळविताना होणारा विरोध वेगळा. दुसरा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मुठीपासून दूर असलेले थोडे वजनही पुष्कळ परिणाम करते. वरील काठीच्या बाबतीत, मूठ टिपेपासून त्याच अंतरावर ठेवल्यास हा विरोध ठोकळ हिशेबाने शेकडा ५ वाढतो. मूठ बटावर त्याच जागी ठेवल्यास शेकडा २० च्या आसपास वाढतो. खेळाडू ज्याला काठी 'स्थिर' झाली असे म्हणतो, त्यात या विरोधाचा वाटा असणे संभवनीय आहे. टेकणभार न बदलताही काठी निराळी लागू शकते, ती यामुळे.

मधला जोड काय करीत नाही, हेही नोंदविले पाहिजे. चेंडूला बाजूने आघात करून फिरकी दिली असता तो नेमाच्या रेषेपासून किंचित ढळतो. हे ढळणे मुख्यतः टिपेलगतच्या वीतभर भागाच्या वस्तुमानावर अवलंबून असते. जोड त्याच्या पुष्कळ मागे बसतो. त्यामुळे शाफ्ट तोच असेल तर ढळण्यात लक्षणीय फरक पडण्याचे कारण नाही. आघाताच्या जोराचेही तसेच. काठी आणि १७० ग्रॅमचा चेंडू यांची टक्कर पूर्णपणे स्थितिस्थापक मानली आणि काठीचा वेग तोच धरला, तर ५४० ग्रॅमांच्या जागी ५८० ग्रॅम झाल्याने चेंडूचा वेग शेकडा दोनांहूनही कमी वाढतो. अशा जोडाने फटका जोरदार होतो हे म्हणणे म्हणून फारसे टिकत नाही.

या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, जोड विकत घेण्यापूर्वी खेळाडूने तीन अंतरे मोजावीत. काठी बोटावर तोलून तोलबिंदूची खूण करावी. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहून मूठ कोठे पडते व पुढचा हात टिपेपासून किती अंतरावर टेकतो, हे दुसऱ्याकडून टिपून घ्यावे. जोड लावल्यावर हीच मापे पुन्हा घ्यावीत. मूठ बटावर सरकली की टिपेपासून सरकली, हे कळल्याखेरीज जोडाचा गुणदोष ठरविता येत नाही. उसना जोड लावून दहा फटके मारल्याने मिळणारी जाणीव खरी असते, पण ती जोडाची की बदललेल्या मुठीची, हे तिच्यावरून सांगता येत नाही. महागडी वस्तू घेऊनही अनेकांना अपेक्षित पालट का दिसत नाही आणि काहींचा बसलेला हात का बिघडतो, याचे एक कारण येथे सापडावे.

भाषेच्या अभ्यासकासाठी निष्कर्ष याहून व्यापक आहे. मराठीतील परिभाषेची चर्चा बहुतांशी प्रतिशब्दांच्या निवडीभोवती फिरत आली आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर कोशांचे मोठे कार्य झाले, आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु 'तोल' या शब्दाची अडचण प्रतिशब्दाची नव्हे. संस्कृत 'तुल्' धातूशी नाते सांगणारा, 'तोल जाणे', 'तोल सांभाळणे' यांसारख्या प्रयोगांतून जनमानसात मुरलेला हा शब्द अर्थवाही आहे आणि सुबोधही आहे. त्याच्या जागी इंग्रजी 'बॅलन्स' बसविला तरी गोंधळ तसाच राहतो. इंग्रजी बोलणारे खेळाडूही याच संदिग्धतेत सापडतात. उणीव शब्दात नसून वाक्यात आहे. कोठून मोजले आणि काय स्थिर धरले, ही दोन पदे वाक्यात अध्याहृत राहतात, आणि प्रत्येक श्रोता ती आपापल्या सवयीने भरून काढतो.

म्हणून संज्ञा निश्चित करताना तिच्या अर्थाबरोबरच तिला लागणारी पदेही निश्चित केली पाहिजेत. व्याकरणात आपण सकर्मक धातूची कर्माची अपेक्षा नोंदवितो. परिमाणवाचक संज्ञेची मूलबिंदूची अपेक्षा त्याच काटेकोरपणे नोंदविली जावी. 'तोल पुढे सरकला' यापेक्षा 'टिपेपासून मुठीचे अंतर कायम ठेवले असता मूठ-तोल अंतर २ सेंटिमीटर कमी झाले' हे वाक्य बोजड आहे, हे मान्यच आहे. पण ते खरे की खोटे हे मोजपट्टीने ठरविता येते, आणि शास्त्रीय विधानाकडून एवढी अपेक्षा करण्यास काही प्रत्यवाय नाही.