आधी काटा, मग कपाट : छोट्या कॅम्पिंग ट्रेलरबद्दलचे गैरसमज

भोसरीच्या एमआयडीसीत, तळवड्यात किंवा चाकणच्या आसपास फॅब्रिकेशनचे शेड शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. स्क्वेअर पाइप, चॅनेल, पत्रा, लेसर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग, सगळे चार-दोन किलोमीटरच्या आत. टाटा, बजाज, फोर्स, महिंद्रा, फोक्सवॅगन यांचे सुटे भाग जिथून रोज ट्रक भरून निघतात, तिथे गाडीमागे ओढायचा एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे आत दोघांचे अंथरूण आणि मागचे झाकण उचलले की दोन शेगड्यांचे स्वयंपाकघर, बनवून घेणे ही काही मोठी गोष्ट नाही. अडचण बनवण्यात नाही, त्याबद्दलच्या समजुतींत आहे. या समजुती वरवर वेगवेगळ्या दिसतात. कुणी कागदपत्रांबद्दल बोलतो, कुणी एसीबद्दल, कुणी पाण्याच्या टाकीबद्दल. पण मुळाशी एकच कल्पना आहे : ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली, आणि खोलीत वस्तू वाढल्या की सुख वाढते. घरातल्या खोलीचे वजन कुणी विचारत नाही, तिला वीज हवी तितकी मिळते आणि ती ताशी ऐंशीच्या वेगाने वळण घेत नाही. ट्रेलरचे तसे नाही.

कागदांपासून सुरुवात करू, कारण तिथला गैरसमज सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग आहे. ट्रेलरला इंजिन नाही, म्हणजे पासिंगची भानगड नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातच ट्रेलरचा नाव घेऊन समावेश आहे. स्वतःच्या ताकदीवर चालत नसला तरी कायद्याच्या लेखी तो वाहनच. मग नोंदणी, नंबर प्लेट, मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर आणि विम्यात वेगळी नोंद हे ओघानेच आले. याच्या नेमकी उलट समजूतही तितकीच पसरलेली आहे : आपल्याकडे खासगी कॅम्पिंग ट्रेलर बेकायदाच असतो. तेही खरे नाही. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे. परिवहन वाहनांच्या यादीतही कॅम्पर व्हॅन आणि ट्रेलर आहेत, म्हणजे भाड्याने द्यायचा असेल तर त्याचा रस्ता वेगळा. दार उघडे आहे, फक्त ते आराखडा मंजूर करून घेणाऱ्याला उघडे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ नुसार ट्रेलरच्या नोंदणी अर्जासोबत त्याच्या आराखड्याला मिळालेल्या मंजुरीची प्रत जोडावी लागते. गंमत अशी, की वाहनांची चाचणी करणारी सीआयआरटी भोसरीत आहे, एआरएआय पुण्यात आहे आणि तिचे एक केंद्र खुद्द चाकणला आहे. देशात इतरत्र ज्यासाठी रात्रीचा प्रवास करावा लागेल, ते इथे शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही आधी वेल्डिंग होते आणि मंजुरीचा विचार आरटीओच्या, म्हणजे एमएच १४ च्या, खिडकीपाशी पोचल्यावर सुरू होतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, मग आता अडवणार कोण? धोरणाने कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क यांना प्रोत्साहन दिले हे खरे. पण पर्यटन विभागाचे धोरण मोटार वाहन कायद्याची जागा घेत नाही. त्या कायद्याचे कलम ५२ वाहनातल्या फेरबदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल देताना सांगितले, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. हे वाचून काही जण गादीचे कव्हर बदलायलाही घाबरतात. तसे घाबरायचे कारण नाही. कलमाच्या स्पष्टीकरणात फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचे मूळ स्वरूप बदलते, असे म्हटले आहे. छत एक फुटाने उंच करणे, ऍक्सल बदलणे किंवा सांगाडा मागे वाढवणे वेगळे आणि उचलून बाहेर काढता येईल अशी भांड्यांची पेटी ठेवणे वेगळे. कायद्याची ही रेघ आणि चांगल्या रचनेची रेघ बरीचशी एकच आहे, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. ट्रेलरमधल्या सर्वांत चतुर सोयी बहुतेक वेळा सुट्या असतात.

आता वजन. ‘पाटे मजबूत टाकले की कितीही भरा’ ही समजूत या पट्ट्यात फार दिसते, कारण इथल्या कारागिराचा हात जड मालाच्या ट्रॉल्यांवर बसलेला असतो. जाड पाटा ट्रेलरला वाकू देत नाही, पण तो ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक मोठे करत नाही. तिच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली असते, आणि काही मॉडेलांना ओढायची परवानगीच नसते. मागच्या शोभेच्या गार्डला लावलेला हुक तर मुळात टोचनसाठीही भरवशाचा नसतो. ब्रेकच्या बाबतीत युरोपात ७५० किलोंपर्यंतच ट्रेलर बिनब्रेकचा चालतो. आपल्या वाहन वर्गीकरणातही ट्रेलरचा सर्वांत हलका वर्ग नेमका ७५० किलोंवर संपतो. ७५० हा आकडा फार लवकर गाठला जातो. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटरचा एक प्लाय पस्तीस किलोंच्या घरात जातो. दोन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जवळजवळ सोळा किलो, तर चार मिलिमीटरची एसीपी शीट साडेपाचच्या आसपास. घरच्या कपाटांच्या सवयीने १८ चा प्लाय चार शीट वापरला, तर माणूस, पाणी आणि भांडी चढण्याआधीच १४० किलो गेले. नऊचा प्लाय वापरून फक्त कडेला पट्टी दिली तर यातले निम्मे वाचतात, आणि झोपणाऱ्याला फरक कळतही नाही. म्हणून इथली सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे काटा करणे. चाकण-भोसरीत वजनकाट्यांची वाण नाही. पूर्ण भरलेला ट्रेलर, पाणी-गॅससकट, एकदा काट्यावर चढवला की त्या पावतीवर अर्ध्या हौसेचा निकाल लागतो.

एकूण वजनाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्वाचे आहे ते वजन कुठे आहे हे. ‘जड सामान मागे टाकले की गाडीवर भार येत नाही’ हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात हीच चूक रस्त्यावर सर्वांत धोक्याची ठरते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा टक्के भार हुकावर असावा, असा रूढ ठोकताळा आहे. समजा ट्रेलर ६०० किलोंचा आणि हुकावर ६० किलो. मागच्या बाजूला, ऍक्सलपासून १.२ मीटरवर, ६० लिटरची पाण्याची टाकी बसवली. हुक ते ऍक्सल हे अंतर २.५ मीटर धरले, तर तरफेच्या साध्या हिशेबाने हुकावरचा भार सुमारे २९ किलोंनी कमी होतो. ट्रेलर झाला ६६० चा आणि हुकावर उरले ३१ किलो, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. असा ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो. यावर कुणी म्हणेल, युरोपात पाच-सात टक्क्यांवरही भागते. भागते, पण तिथे फॅक्टरीत तपासलेला सांगाडा असतो, बऱ्याचदा डोलणे रोखणारे घर्षणाचे कपलिंग असते आणि हुकावरचा भार मोजलेला असतो. आपल्याकडे मोजण्यापासूनच सुरुवात आहे. त्याला मोठे यंत्र लागत नाही : सपाट जागी, हुक गाडीला लागतो त्याच उंचीवर ठोकळ्यावर ठेवायचा आणि खाली घरातला माणसांचा वजनकाटा सरकवायचा. टाकी ऍक्सलच्या वर आणली, की ती भरलेली असो वा रिकामी, हुकावरचा भार फारसा हलत नाही. हेलकावे सुरू झाल्यावर वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो, हा ड्रायव्हर लोकांतला जुना समज तर पूर्ण उलटा आहे. वेगाबरोबर हेलकावे वाढतात. स्टिअरिंग सरळ धरून पाय ऍक्सिलरेटरवरून हळू काढायचा, एवढेच करता येते. बोरघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर उतरायचे, म्हणजे ती वेळच येत नाही.

विजेच्या बाबतीत हौस सर्वांत उंच उडते. छतावर सोलर लावले की रात्रभर एसी चालेल, हे आश्वासन अनेक विक्रेते देतात. ते खोडायला तज्ज्ञ लागत नाही. लहान एसी सरासरी ६०० वॉट खातो असे धरले, तरी आठ तासांना ४८०० वॉट-तास झाले. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॉट-तास मावतात. म्हणजे अशा चार बॅटऱ्याही जेमतेम पुरतील. त्या रोज भरायला, १०० वॉटचे पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला ४०० वॉट-तासांच्या आसपास देते या हिशेबाने, बारा पॅनेल लागतील. त्यांना सात चौरस मीटरच्या आसपास जागा हवी. अडीच मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद ट्रेलरचे छत चारच चौरस मीटर आहे. हिशेब इथेच संपतो. शिवाय मावळात आणि लोणावळ्याकडे गर्दीचा हंगाम पावसाळ्याचा, म्हणजे पॅनेलच्या उपासाचा. याउलट वीस वॉटचा डीसी पंखा आठ तास, एलईडी दिवे आणि दोन मोबाइल मिळून ३०० वॉट-तासांच्या आत भागते. त्याला एक पॅनेल आणि एक बॅटरी पुरते. एसी हवाच असेल तर कृषी पर्यटन केंद्रावरची १५ अँपिअरची जोडणी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

मात्र बाहेरची वीज आत आली की एक समज जिवावर बेततो : टायर रबराचे, म्हणून शॉक लागणार नाही. रबरामुळेच धोका वाढतो. वायर सोलून पत्र्याला लागली, तर ट्रेलरचे सगळे अंग जिवंत होते आणि विजेला जमिनीत जायला वाट नसते. ओल्या गवतावर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणारा माणूस ती वाट पुरवतो. म्हणून अर्थिंग असलेली तीन तारांची जोडणी आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी, या दोन गोष्टी कपाटाच्या आधी यायला हव्यात. गॅसचेही तसेच. पाच किलोंचा सिलिंडर लहान, म्हणून निरुपद्रवी मानला जातो, आणि वरची खिडकी उघडी ठेवली की झाले असे वाटते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. खिडकीतून बाहेर पडत नाही. आणि लहान असण्याचे म्हणाल, तर सहा घनमीटरच्या ट्रेलरमधली सगळी हवा पेट घेण्याजोगी व्हायला पाव किलो गॅस पुरेसा आहे, म्हणजे त्या ‘लहान’ सिलिंडरचा विसावा हिस्सा. तळाशी साचलेल्या थराला तर त्याहून कमी. जमिनीलगत जाळीची भोके आणि सिलिंडरची पेटी बाहेरून, हा साधा उपाय आहे. रात्री थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून दार लावून झोपणे हा प्रकार मात्र कुठल्याच जाळीने सुरक्षित होत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात : चकचकीत फॉइलची शीट पत्र्याला चिकटवली की आत गारवा येतो, असे नाही. फॉइल उष्णता परतवते ती समोर हवेची पोकळी असली तरच, पत्रा आणि प्लायच्या मध्ये दाबली तर ती फक्त महागडी चादर. छत पांढरे रंगवणे स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे. पावसाळ्यातल्या दमटपणाला मात्र इन्सुलेशन नव्हे, तर वारा लागतो. भिंतींवर येणारे पाणी बरेचसे झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातले असते.

शेवटचा आक्षेप मनापासूनचा असतो : इतके सगळे काढायचे, तर मग तंबूच काय वाईट? उत्तर असे, की काढायचे ते ओझे आहे, सोय नव्हे. स्वयंपाकाची पेटी चॅनेलवर सरकणारी, पण दोन खिट्ट्या काढून उचलता येणारी करावी. मग ती मुक्कामी झाडाखाली जाते आणि घरी गॅलरीत. मागच्या झाकणालाच टेबल करावे, वेगळे टेबल नको. ट्रेलरचे चाक ओढणाऱ्या गाडीच्याच मापाचे आणि त्याच बोल्टांच्या मांडणीचे घ्यावे, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते आणि मागच्या बाजूला लटकणारे पंधरा-सोळा किलो आपोआप जातात. फक्त हे चाकाचे शेडमध्ये पहिला पाइप कापण्याआधी सांगावे लागते, कारण ऍक्सलचा हब एकदा ठरला की नंतर तो बदलणे म्हणजे पुन्हा कलम ५२ कडे येणे.